तोंडात खिळा, पाठीत कळ

माझी वहिनी उंच आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात बाकी सगळे बुटके. बाबा बुटके, आई बुटकी, दादा बाबांहूनही दोन बोटं कमी, आणि माझं काय विचारता, वरच्या फळीवरची बरणी काढायला मला अजून स्टूल लागतं. दादा-वहिनीच्या लग्नाच्या फोटोत दादाला खोक्यावर उभं केलं होतं आणि खोकं झाकायला फोटोवाल्याने पुढे कुंडी ठेवली. फोटोत कुंडी दिसते, खोकंही दिसतं. वहिनी तो फोटो आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते.

आमचा धंदा जुने सोफे आणि खुर्च्या नव्या करून देण्याचा. बाबांनी सुरू केला, दादाने चालवला, आणि दादा रागावला तरी चालेल, पण टिकवला वहिनीने. दुकान म्हणजे एक लांब खोली. पुढे काचेचं दार, मागे खिडकी, भिंतीला कापडाचे गठ्ठे, आणि मधोमध दोन लाकडी घोड्या. घोडी म्हणजे चार पायांचा जाड आधार. दोन समोरासमोर ठेवायच्या, त्यांवर खुर्ची चढवायची, कापड ताणायचं आणि खाली लाकडाला ठोकायचं. बाबांनी त्या घोड्या स्वतःच्या हाताने बनवल्या, स्वतःच्या मापाच्या. बाबा गेल्यावर दादाने दुकानातलं सगळं बदललं. दिवे बदलले, पाटी बदलली, घोड्यांना मात्र हात लावू दिला नाही. त्यांच्यावर कुणी चहाचा कप ठेवला तरी त्याचं डोकं फिरतं.

आता वहिनीची ठोकायची पद्धत सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. हल्ली सगळे पिना मारायची बंदूक वापरतात. वहिनी वापरत नाही. ती मूठभर बारीक खिळे तोंडात धरते. जिभेने एकेक खिळा फिरवून त्याचं डोकं ओठांत आणते, लोहचुंबकाची हातोडी तोंडाशी नेते, खिळा टपकन चिकटतो, आणि ठक. दुसरा हात कापड ताणायला मोकळा राहतो. बाबांची पद्धत होती ती, त्यांनी सुनेला शिकवली, पोराला काही जमली नाही. खिळे आधी उकळून घेतलेले असतात, हे वहिनी गिऱ्हाइकाला न विचारता सांगते. एखादा खिळा गालात असेल तर ती त्याच्यासकट तासन्‌तास गप्पा मारते, समोरच्याला पत्ताही लागत नाही.

तिची कंबर कधीपासून दुखते, असं विचारलं की ती म्हणायची, "तुमच्या घरात आले तेव्हापासून." आम्ही सगळे हसायचो.

पण दुखणं हसण्यासारखं नव्हतं. सकाळी अंथरुणातून उठायचं म्हणजे आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपरावर भार देऊन एकेक इंच वर. मोजे घालताना ती ज्या शिव्या देते त्या मी इथे लिहीत नाही. जेवायची उभ्याने, ओट्यापाशी. सिनेमाला कडेची खुर्ची, आणि अर्ध्यातून उठून मागच्या भिंतीला टेकून उभी. दादा म्हणायचा, "हिला तिकीट बसायचं काढा नाहीतर उभ्याचं काढा, बघणार उभ्यानेच." तोच दादा रोज झोपताना गरम पाण्याची पिशवी भरून तिच्या पाठीला लावायचा, हेही सांगायला हवं. वाईट नाही तो. फक्त त्याला वाटतं, ज्या गोष्टीचं नाव सांगता येत नाही ती गोष्ट नसतेच.

आणि सल्ले! पाठ दुखते म्हटलं की जग डॉक्टर होतं. एकीने सांगितलं कडक गादी घे, दुसरीने सांगितलं मऊ घे. वजन कमी कर, वजन उचलू नकोस, चाल, चालू नकोस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे मनाचं असतं गं. एखादा छंद लावून घे." वहिनी अशी भडकली की काकू चप्पल घालायला विसरल्या. "मनाचं दुखणं आहे ना, मग मी वाकले की त्याला कसं कळतं?"

मग एक दिवस ती वाकली आणि वर येईना. घोड्यांवर मोठा सोफा होता, वहिनी खालच्या पट्टीला ठोकत होती, आणि पाठीत अशी कळ गेली की होती तशीच राहिली. तोंड खिळ्यांनी भरलेलं, ओरडायची सोय नाही. समोर एक गिऱ्हाईक बाई उभ्या होत्या, त्यांना वाटलं काम चाललंय. त्या आपल्या सांगत बसल्या, रंग कोणता हवा, झालर हवी की नको. वहिनी वाकलेली, डोळ्यांतून पाणी, आणि वरून झालरीची चर्चा. बाई गेल्यावर दादाचं लक्ष गेलं. तिने एकेक खिळा त्याच्या तळहातावर काढला, आणि मग अशी ओरडली की रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही ऐकू आलं.

दादा घाबरला होता, आणि घाबरला की तो हुकूम सोडतो. "बास झालं. एमआरआय करायचा. मशीन काय ते सांगेल. काही निघालं तर तू उद्यापासून घरी, मी बंदूक घेतो आणि माणूस ठेवतो. आणि काही नाही निघालं तर हे रोजचं आई गं, आई गं बंद करायचं."

"बरं," वहिनी म्हणाली. नुसतं बरं. मला तेव्हाच खटकलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. ती ओट्याला टेकून उभी होती, एक पाय पाटावर.

"कळलं ना तुला?" ती म्हणाली. "काही निघालं तर माझं काम गेलं. काही नाही निघालं तर मी खोटारडी. दोन्हीकडून मीच मेले."

"मग जाऊ नकोस."

"जाणार. माझीच पाठ, आणि मला कधी दिसली नाही. बघू दे तरी."

सोबत मी गेले, कारण हॉस्पिटलच्या वासाने दादाला घेरी येते. निघताना वहिनी म्हणाली, दुकानावरून जाऊ, एका खुर्चीचा हात राहिलाय. मी रिक्षा थांबवून ठेवली. आतून ठकठक ऐकू येत होती. मग ती बाहेर आली, हातोडी भिंतीला जागच्या जागी लटकवून, आणि वाटभर माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसली. इतकी गोड बोलत होती की मी समजले, घाबरली आहे.

एमआरआयच्या विभागात एक चष्मेवाली मशीनबाई होती. कामाला चोख, हसायला कंजूष. तिने वहिनीला हॉस्पिटलचा झगा दिला आणि सुरुवात केली. बांगड्या काढा. अंगठी काढा. केसांच्या पिना. हृदयाला मशीन बसवलंय? कानाला? कवळी आहे? अंगात कुठे सळई, पट्टी, स्क्रू? वहिनी प्रत्येकाला नाही म्हणत होती. टेबलावर चढताना तिला आधार लागेल म्हणून मलाही आत घेणार होते, तेव्हा माझीही तशीच झडती झाली. किल्ल्या, घड्याळ, सगळं ट्रेमध्ये. तोंडात खिळा आहे का, असं मात्र कुणी विचारलं नाही. कोण विचारणार?

खोली थंडगार. मधोमध ते पांढरं धूड, पोटात भोक असलेलं. मी वहिनीचा दंड धरून तिला जवळ नेत होते. अर्ध्यावर ती थबकली.

"अगं, माझा गाल ओढतोय."

"घाबरलीस म्हणून. चल."

"घाबरण्याचं काय, खरंच ओढतोय!" आणि तिने बघायला बोट घालून तोंड उघडलं.

मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. तिच्या तोंडातून काहीतरी सुटलं आणि त्या मशीनच्या भोकाच्या कडेला जाऊन टक्‌ करून बसलं. इवलासा खिळा. आमच्या दुकानातला, निळसर, ओला.

मशीनबाई किंचाळली. आम्हाला दोघींना तिने ज्या चपळाईने बाहेर ओढलं त्यावरून कळलं की गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. डोळ्याला लागला असता तर, म्हणाली. आत पडल्यावर सुटला असता तर. खरंच होतं ते.

"हे काय आहे?"

"खिळा," वहिनी म्हणाली.

"तुम्ही तोंडात खिळा घेऊन एमआरआयला आलात?"

"घेऊन नाही आले हो. होता तो."

"आणखी आहेत? पोटात वगैरे?"

वहिनीने प्रामाणिकपणे विचार केला. "आता काय सांगू? कामात एखादा जातो पोटात कधीमधी. जातो तसा बाहेरही पडतो."

मशीनबाईने कपाळाला हात लावला. मग वरचे डॉक्टर आले, त्यांनी वहिनीला डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि गालापासून पोटापर्यंतचे एक्स-रे काढायला पाठवलं. तोवर तो खिळा कुणीतरी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढला. वहिनी म्हणाली, "माझा आहे, परत द्या." दिला त्यांनी, पाकिटात घालून, बरोबरच्या सामानात ठेवायला.

एक्स-रेच्या बाहेर बाकावर बसवलं आम्हाला. म्हणजे मी बसले, ती भिंतीला टेकून उभी. मी म्हटलं, "वहिनी, इतकी विसरभोळी तू कधीपासून झालीस?"

ती म्हणाली, "खुर्चीचा हात सकाळी संपत आला होता. शेवटचा एक खिळा राहिला. मुद्दाम नाही ठोकला मी. म्हटलं, काम संपलं असं नको व्हायला. राहू दे एक. मग तो गालातच राहिला." तिचा आवाज कापत होता, आणि तिला त्याचाच राग येत होता. "मला घरी बसायचं नाहीये गं. दुखलं तर दुखलं. पण मी घरी बसून करू काय? छंद?"

मला रडू आलं. तिला नाही आलं, तिने मला रुमाल दिला.

एक्स-रे स्वच्छ निघाले आणि वहिनी पुन्हा आत गेली. या वेळी तोंड उघडून दाखवून. उताणं, सपाट, न हलता पडणं ही तिच्यासाठी सगळ्यात मोठी शिक्षा. गुडघ्यांखाली उशी दिली, हातात रबरी फुगा दिला, सहन नाही झालं तर दाबा म्हणून. मला आता बाहेरच थांबवलं. आतून जो आवाज येत होता तो ऐकून माझेच दात दुखायला लागले. फुगा काही वाजला नाही. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक आणि केस घामाने ओले.

"कसं होतं?"

"बंदूकवाल्यासारखं. ठोकतो नुसता, ताल म्हणून नाही."

"फुगा का नाही दाबलास?"

"सारखा दाबावासा वाटत होता. मग तुझा भाऊ म्हणाला असता, हिला नुसतं पडायलाही जमत नाही."

रिपोर्ट घ्यायला मात्र दादा आला, नाकाला रुमाल लावून. डॉक्टरांनी ती काळी-पांढरी चित्रं उजेडात लावली. वहिनी पुढे होऊन निरखून बघत होती, जणू कुणाच्या घरातलं फर्निचर बघतेय.

"वयाप्रमाणे झीज आहे," डॉक्टर म्हणाले. "नस दबलेली नाही. ऑपरेशन करण्यासारखं काही नाही."

दादाने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "म्हणजे काही नाहीच ना! मी म्हणत नव्हतो?" आनंदाने म्हणाला तो, खरंच आनंदाने. पण वहिनीचं तोंड बघवत नव्हतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "म्हणजे मला दुखत नाही का?"

"असं कोण म्हणालं?" डॉक्टर म्हणाले. "या फोटोत झीज दिसते, दुखणं दिसत नाही. याच्या दुप्पट झीज असलेली माणसं मजेत फिरतात, आणि काहींचा फोटो चांगला येतो पण जीव नकोसा होतो. तुम्हाला दुखतंय. ते एकदम जाणार नाही, कदाचित पूर्ण कधीच जाणार नाही. पण झोपून राहू नका. हालचाल ठेवा, पाठीत ताकद आणा." आणि त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं.

दादाने यातलं 'काही नाही' एवढंच घरी नेलं. आठवडाभर जो भेटेल त्याला, "काही निघालं नाही, देवाची कृपा." वहिनीने ओट्यावर हात टेकून जरा डोळे मिटले की, "अगं, काही नाहीये तुला." एकदा तिने पातेलं आपटलं. पातेल्याला पोचा आला, दादाला कळलं नाही कशामुळे.

व्यायामबाई वयाने लहान होत्या, बोलायला फटकळ. मला आवडल्या. त्यांनी व्यायाम शिकवले आणि मग विचारलं, "काम काय करता? करून दाखवा." त्यांच्याकडे एक तपासायचं टेबल होतं, पायाने दांडी दाबली की वरखाली होणारं. "तुमच्या दुकानातलं जेवढं उंच असेल तिथे थांबवायला सांगा."

टेबल खाली खाली गेलं. "अजून," वहिनी म्हणाली. "अजून. हं."

ते तिच्या मांडीशी आलं होतं. वहिनी त्यावर वाकली, हवेत हातोडी धरून, ओठांतून हवेतलेच खिळे काढत. पाठीची कमान झालेली. व्यायामबाईंनी दांडी दाबली. टेबल वर येऊ लागलं आणि वहिनी त्याच्याबरोबर उलगडत गेली. कमरेपर्यंत आलं. त्याच्याही वर आलं. आणि ती सरळ उभी होती, ताठ, आणि ठोकत होती.

"थांबा," ती म्हणाली. "इथे. इथे थांबा."

मग ती रडली. हॉस्पिटलच्या झग्यात रडली नव्हती, रिपोर्टच्या वेळी रडली नव्हती, आता त्या टेबलाला धरून रडली. "इतकी वर्षं," म्हणत होती. "इतकी वर्षं वाकले मी, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही!" रडता रडता तिने टेबलाला एक गुद्दा हाणला. मला ते तिचं जुनं वाक्य आठवलं, तुमच्या घरात आले तेव्हापासून. मी या वेळी हसले नाही.

घरी येऊन तिने दादाला सांगितलं, घोड्या उंच करायच्या. दादा म्हणाला, "बाबांच्या घोड्या आहेत. त्यांना करवत, खिळा, काही लागणार नाही. आणि तुला काही नाहीये, रिपोर्ट आहे आपल्याकडे." विषय संपला. म्हणजे त्याच्यापुरता संपला.

दोन दिवसांनी दादा सोफा पोचवायला गावाबाहेर गेला आणि वहिनीचा मला निरोप आला, दुकानात या. 'या' म्हटल्यावर मी ओळखलं. एरवी ती मला अगं-तुगं करते. चिडली की मी 'वन्सं' होते आणि 'तुम्ही' होते. गेले तर घोड्या उलट्या करून जमिनीवर, पाय वर. शेजारी मोडक्या टेबलाचे चार दणकट पाय मधोमध कापून आठ केलेले, आणि स्क्रू.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमच्या वडिलांच्या आहेत. तुमच्या भावाने नाही म्हटलंय. तुम्ही नको म्हणालात तर मी हातोडी खाली ठेवते आणि घरी बसते. पण मग मला कुणी कधी विचारायचं नाही, की दुखतंय का."

मला बाबा आठवले. याच घोड्यांपाशी उभे, ताठ, तोंडात खिळे, गुणगुणत. त्यांची कंबर जन्मात दुखली नाही. का दुखेल?

"पाय कोणता धरू?" मी म्हटलं.

दुपारभर खपलो दोघी. ती स्क्रू पिळत होती, मी धरत होते, मध्येच ती जमिनीवर उताणी पडून गुडघे छातीशी घेई आणि मला सूचना देई. वाकडं धरलंस. बुटके लोक सरळ कसं धरणार. मी म्हटलं, जास्त बोललीस तर सोडून देईन. संध्याकाळी घोड्या उभ्या केल्या आणि त्यांवर ती राहिलेली खुर्ची चढवली. वहिनीने पाकिटातला खिळा काढला, धुतला, ओठांत धरला, आणि सरळ उभी राहून शेवटचा घाव घातला.

पाठ तिची अजून दुखते. उगाच गोड शेवट करून सांगत नाही. सकाळी अजून ती कुशीवरूनच उठते, मोज्यांना अजून शिव्या पडतात, पाऊस असो वा ऊन, वाईट दिवस येतात तसे येतात. पण वाकून अडकणं बंद झालं, आणि घरी बसायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

दादा त्या रात्री परत आला, घोड्या बघितल्या आणि लाल झाला. माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "बाबांनी त्यांच्या मापाच्या केल्या, हिने हिच्या मापाच्या केल्या." तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला घाईचं काम होतं. त्याने खुर्ची चढवली तर ती त्याच्या हनुवटीशी. हात वर करकरून ठोकत राहिला. शेवटी मागच्या खोलीतून खोकं आणलं आणि त्यावर चढला, अगदी लग्नाच्या फोटोतल्यासारखा, फक्त कुंडी नव्हती.

"माझे खांदे भरून आले," तो कुरकुरला. "खूप दुखतंय."

वहिनी दुसऱ्या टोकाला ताठ उभी होती. तोंड भरलेलं, त्यामुळे लगेच बोलता येईना. तिने सावकाश एकेक खिळा संपवला. ठक. ठक. ठक. मग पदराने तोंड पुसलं.

"अहो, मशीनमध्ये जाऊन या," ती म्हणाली. "काही निघालं तर बघू."